प्रवेश मिळाला, राहायचे कुठे?

दरवर्षी बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले, की इंदापूर-बारामती पट्ट्यातील घराघरांत टक्के, पर्सेंटाइल आणि 'कॅप' फेऱ्यांची चर्चा सुरू होते. कोणत्या महाविद्यालयात कोणती शाखा मिळेल, याचा खल महिनाभर चालतो. मुलगा किंवा मुलगी राहणार कुठे, हा प्रश्न मात्र यादीत नाव लागेपर्यंत कोणी विचारत नाही. नाव लागल्यावर प्रवेश निश्चित करण्यासाठी हाती मोजके दिवस उरतात. त्याच दिवसांत पुण्याला जायचे, कागदपत्रे सादर करायची, शुल्क भरायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतण्यापूर्वी खोलीही ठरवायची. चार वर्षांच्या शिक्षणाचा पाया ज्या निर्णयावर उभा राहतो, तो निर्णय अशा रीतीने एका दुपारी, एखाद्या एजंटाच्या मोटारसायकलच्या मागे बसून घेतला जातो.

खोली ही घरगुती बाब आहे, ती ज्याची त्याने पाहावी, असा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. शिक्षणसंस्था प्रवेशाची जबाबदारी घेतात, सरकार शुल्काच्या सवलती जाहीर करते. निवासाचा प्रश्न या दोहोंच्या मधल्या फटीत पडतो. वास्तविक ग्रामीण विद्यार्थ्याच्या बाबतीत शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे. अनेकदा खोली, मेस आणि प्रवास यांची बेरीज शुल्काला मागे टाकते. शुल्क माफ झाले तरी ही बेरीज माफ होत नाही. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या निवासाकडे शिक्षणाच्या धोरणाचा भाग म्हणून पाहण्याची गरज आहे.

तीन वाटा

इंदापूर तालुक्यातील विद्यार्थ्यापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. पहिली, घरी राहून रोज ये-जा करण्याची. इंदापूर शहरात कला, विज्ञान व वाणिज्य शाखांचे महाविद्यालय आहे, तालुक्यात अभियांत्रिकी शिक्षणाचीही सोय झाली आहे. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश सवलत मिळते. १७ मार्च २०२३ पासून राज्यभर महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत लागू झाल्याने पास नसलेल्या दिवशीही मुलींच्या प्रवासाचा भार हलका झाला. या वाटेचा आर्थिक लाभ उघड आहे. तथापि, महामार्गावरील गावाला जी एसटी सहज मिळते, ती आडबाजूच्या वाडी-वस्तीला मिळत नाही. फाट्यापर्यंतची पायपीट, हुकलेली गाडी आणि सायंकाळच्या प्रात्यक्षिकानंतर परतण्याची चिंता यांत दिवसाचे तीन-चार तास सहज जातात. पासावर वाचलेले पैसे अभ्यासाच्या वेळातून वसूल होतात, हे विसरून चालणार नाही.

दुसरी वाट बारामतीची. इंदापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील हे गाव गेल्या पाच-सहा दशकांत शिक्षणाचे केंद्र बनले आहे. १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय उभे राहिले, १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी दाखल झाली. इंदापूर, दौंड, फलटण, करमाळा या भोवतालच्या तालुक्यांतील मुले येथे येतात. संस्थांची स्वतःची वसतिगृहे आहेत. त्यांत जागा न मिळालेल्यांसाठी घरमालकांच्या खोल्या आणि खाजगी वसतिगृहे आहेत. शनिवारी घरी जाता येते, घरचा डबा, धान्य, दूध पोचवता येते, अडीअडचणीला नात्यातले कोणी ना कोणी जवळ असते. बारामतीची निवड अनेक कुटुंबे केवळ अभ्यासक्रमासाठी करीत नाहीत, या जवळिकीसाठी करतात.

तिसरी वाट पुण्याची. इंदापूरपासून सुमारे १४० किलोमीटरवरचे पुणे रोजच्या ये-जा करण्याच्या पलीकडचे आहे. भिगवणसारख्या स्थानकावरून सोलापूर-पुणे रेल्वेमार्ग जवळ पडत असला, तरी इंदापूर शहराला रेल्वे नाही. पुण्यात जायचे म्हणजे राहायचेच. तेथे विद्यापीठाची वसतिगृहे प्रामुख्याने विद्यापीठाच्या आवारातील विभागांत शिकणाऱ्यांसाठी असतात. संलग्न महाविद्यालयांच्या वसतिगृहांत गुणवत्तेनुसार मोजक्या जागा मिळतात. उरलेले सारे विद्यार्थी खाजगी बाजारात येतात आणि तेथे त्यांची गाठ 'कॉट बेसिस' या खास पुणेरी व्यवस्थेशी पडते. या व्यवस्थेत खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. एका खोलीत तीन, चार, कधी त्याहून अधिक खाटा. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतील जुन्या वाड्यांत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमुळे ही पद्धत रुजली. पुढे महाविद्यालयांच्या अवतीभोवतीच्या उपनगरांतही ती पसरली.

उसाचे वेळापत्रक आणि डिपॉझिट

या तिन्ही वाटांतून निवड करताना शहरी पालक आणि ग्रामीण पालक यांच्यात एक मूलभूत फरक असतो. पगारदार कुटुंबाचे उत्पन्न महिन्याला येते आणि भाडेही महिन्याला जाते. इंदापूर-बारामतीतील ऊस उत्पादकाचे उत्पन्न महिन्याच्या हिशेबात बसत नाही. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्चच्या सुमारास आटोपतो. ऊस कारखान्याला गेल्यानंतर १४ दिवसांत किमान दराची रक्कम देण्याचे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घातले आहे. पण ऊस तुटल्यावरच ते लागू होते. आडसाली लागण तर १५ ते १८ महिने रानात उभी असते. याउलट प्रवेश, डिपॉझिट, पहिल्या महिन्याचे भाडे, एजंटाची दलाली आणि मेसची आगाऊ रक्कम हे सारे जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऊस रानात आणि खिसा रिकामा असताना, एकरकमी द्यावे लागते.

ही दरी कोठून भरली जाते, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. पतसंस्थेचे कर्ज, सोन्यावरील तारण, पाहुण्यांकडून उसनवार किंवा दावणीचे एखादे जनावर. त्यानंतरचे महिन्याचे भाडे बहुतेक वेळा दुधाच्या दहा दिवसांच्या पगारातून जाते. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडील गावांत पाणी पोचले नाही, किंवा दुधाचा दर घसरला, तर त्याचा पहिला धक्का पुण्यातल्या त्या खाटेला बसतो. भाडे थकले की मुलगा मेस एका वेळेवर आणतो, मग अर्धवेळ काम शोधतो, मग वर्गातील हजेरी घटते. शिक्षण सुटण्याची सुरुवात पुष्कळदा अशी होते. शाळा-महाविद्यालयाच्या नोंदीत मात्र ती 'गैरहजर' एवढ्याच शब्दात उरते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. राज्य सरकारने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु मुलीला पुण्याला पाठवावे की नाही, हे ग्रामीण घरात केवळ शुल्कावर ठरत नाही. ती राहणार कुठे, सोबत कोण, रात्री दार कोण उघडणार, या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर शुल्कमाफी कागदावर राहते आणि मुलगी जवळच्या, तिच्या आवडीच्या नसलेल्या अभ्यासक्रमाला जाते. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर रस्त्यात एका तरुणीवर झालेला कोयत्याचा हल्ला आणि त्याच महिन्यात मुंबईत एका शासकीय वसतिगृहात झालेला विद्यार्थिनीचा खून या घटनांनी पालकांच्या मनातील धास्ती किती साधार आहे, हे दाखवून दिले.

वसतिगृह ही महाराष्ट्राचीच परंपरा

निवासाचा प्रश्न हा शिक्षणाचाच प्रश्न आहे, हे महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवण्याची आवश्यकता नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य केले. खेड्यातील मुलगा शहरात टिकावा, तर आधी त्याच्या भाकरीची व अंथरुणाची सोय हवी, हा त्यामागील विचार होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. रयतचा पुढील विस्तार पाहिला, तर शाळांचे हे जाळे वसतिगृहाच्या पायावर उभे राहिले, असे म्हणता येते.

पुण्यातही वार लावून जेवण्याच्या आणि माधुकरीच्या काळापासून परगावच्या विद्यार्थ्याची जबाबदारी काही अंशी समाजाची मानली जाई. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण, गरजू विद्यार्थ्यांना अल्प खर्चात निवास, भोजन आणि श्रमाची सवय दिली. अशा संस्था आजही कार्यरत आहेत आणि त्यांच्याकडील अर्जांची रीघ कमी झालेली नाही. पण उच्च शिक्षण ज्या वेगाने विस्तारले, खाजगी महाविद्यालये ज्या संख्येने निघाली, त्या वेगाने सामाजिक वसतिगृहे निघाली नाहीत. ती जागा बाजाराने घेतली. बाजाराने जागा घेणे हा गुन्हा नव्हे. मात्र त्या बाजाराला कोणतेही नियम नसावेत, हे समर्थनीय नाही.

योजना आणि करारनाम्याची अट

सरकारने काहीच केले नाही, असेही नाही. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना राबविली जात आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा आधार मिळतो. वसतिगृहाच्या भिंती बांधण्याऐवजी विद्यार्थ्याच्या खात्यात थेट रक्कम जमा करण्याचे हे धोरण आहे.

या धोरणातील पहिली अडचण रकमेची आहे. स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरविण्यात आले: भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार. निवासाचे २० हजार दहा महिन्यांत विभागले, तर महिन्याला २ हजार रुपये होतात. बारा महिन्यांत विभागले, तर १,७०० रुपयेसुद्धा होत नाहीत. एवढ्या पैशांत पुण्याच्या मध्यवस्तीत एक खाट मिळवून दाखवणे हे धोरणकर्त्यांनाही जड जाईल. दुसरी अडचण वेळेची. खर्च जुलैत होतो आणि हप्ता वर्षाच्या उत्तरार्धात येतो. कधी वर्ष सरत आले तरी येत नाही, अशी विद्यार्थी संघटनांची वारंवारची तक्रार आहे. ज्याच्याकडे आधी खर्च करण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठीच ही योजना आहे आणि आधी खर्च करण्याची अपेक्षाही त्याच्याचकडून केली जाते.

तिसरी अडचण सर्वांत कमी चर्चिली जाते. अर्जासोबत भाड्याने राहत असल्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार, मागितला जातो. कॉट बेसिसवर खाट देणारा घरमालक करार करून द्यायला राजी नसतो. कराराची नोंदणी म्हणजे शुल्क, उत्पन्नाची नोंद आणि सोसायटीच्या प्रश्नांना उत्तर. रोख पैसे द्या, पावती मागू नका, असा व्यवहार असतो. परिणामी, सर्वांत स्वस्त, सर्वांत असुरक्षित जागी राहणारा विद्यार्थी पुराव्याअभावी भत्त्याला मुकतो आणि थोड्या महागड्या, कागदोपत्री व्यवस्थित जागी राहणाऱ्याला तो मिळतो. गरजूंसाठीची योजना गरजूंच्याच हातून निसटते ती अशी.

कायद्याच्या व्याख्येबाहेर

येथे कायद्याचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'चा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एवढेच नव्हे, तर नोंदणीकृत करार नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

ही तरतूद विद्यार्थ्याच्या बाजूची आहे. पण ती कोणत्या विद्यार्थ्याच्या? तीन-चार मित्रांनी मिळून सदनिका घेतली, तर तिचा लाभ होतो. मात्र याच कायद्यातील 'लायसन्सी'च्या व्याख्येतून 'पेइंग गेस्ट' आणि वसतिगृह अथवा लॉजिंगमध्ये राहणारी व्यक्ती वगळण्यात आली आहे. म्हणजे परगावच्या विद्यार्थ्यांचा मोठा भाग ज्या प्रकारच्या जागेत राहतो, ती जागाच कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहते. डिपॉझिट किती घ्यावे, ते कधी परत करावे, एका खोलीत किती खाटा असाव्यात, मध्येच बाहेर काढायचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावी, यांचे उत्तर मालकाच्या मर्जीवर सोडले गेले आहे. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याएवढी ठेवली होती. पण राज्यांनी तो स्वीकारावा, असे त्याचे केवळ शिफारशीचे स्वरूप होते.

कर आकारताना मात्र सरकारला वसतिगृह दिसले. २०२३ मध्ये कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने खाजगी वसतिगृहाच्या भाड्यावर १२ टक्के जीएसटी लागू होतो, असा निर्णय दिल्यावर देशभर खळबळ उडाली. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने शैक्षणिक संस्थेबाहेरील वसतिगृहांना दरमहा दरडोई २० हजार रुपयांपर्यंतच्या भाड्यावर करमाफी दिली, सलग ९० दिवस वास्तव्याची अट घातली आणि हा प्रश्न मिटवला. कर परिषद जर विद्यार्थ्याच्या निवासाची व्याख्या करू शकते, तर गृहनिर्माण आणि उच्च शिक्षण विभागांना ती का करता येऊ नये?

स्पेनमधील अनुभव

परगावच्या विद्यार्थ्याच्या निवासाचा प्रश्न केवळ भारतातील नाही. स्पेनमधील सालामांका हे विद्यापीठामुळेच ओळखले जाणारे शहर. तेथील विद्यापीठाची स्थापना १२१८ ची आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी तेथे १४०१ मध्ये स्थापन झालेले सान बार्तोलोमे हे निवासी 'कोलेहियो' पुढील अनेक वसतिगृहांचा आदर्श ठरले. आजही स्पेनमधील विद्यापीठांच्या शहरांत विद्यार्थ्यापुढे तीन पर्याय असतात: विद्यापीठाशी जोडलेले 'कोलेहियो मायोर', खाजगी निवासगृह किंवा चार-पाच जणांनी मिळून घेतलेली सदनिका. इंदापूरच्या विद्यार्थ्याला यांतील प्रत्येकाचे मराठी रूप ओळखीचे वाटेल.

फरक आहे तो नियमांत. स्पेनच्या १९९४ च्या नागरी भाडे कायद्याने राहत्या घरासाठी सक्तीची अनामत एका महिन्याच्या भाड्याएवढी ठरवली असून ती प्रांतिक सरकारी यंत्रणेकडे जमा करून घेण्याचा अधिकार स्वायत्त प्रांतांना दिला आहे. २०२३ च्या गृहनिर्माण कायद्याने एजंटाचे शुल्क भाडेकरूवरून काढून घरमालकावर टाकले. अर्थात, पळवाट तेथेही निघाली. कायम निवासाऐवजी 'हंगामी' वास्तव्याचा करार केला, तर संरक्षणाच्या अनेक तरतुदी लागू होत नाहीत, आणि सप्टेंबर ते जून राहणारा विद्यार्थी या हंगामी करारात सहज बसवला जातो. नियम करणे पुरेसे नसते, विद्यार्थ्याला त्याच्या व्याख्येत स्पष्टपणे आणावे लागते, हा त्या अनुभवाचा बोध आहे. देशातही तमिळनाडूने २०१४ मध्ये महिला व मुलांच्या वसतिगृहांसाठी स्वतंत्र कायदा करून परवाना आवश्यक केला. महाराष्ट्राला त्याचा अभ्यास करता येईल.

निवड करताना

धोरण बदलेपर्यंत विद्यार्थ्यांना आणि पालकांना निवड करावीच लागणार आहे. ती भाड्याच्या एका आकड्यावर करणे हितावह नाही. महाविद्यालयापासून दूर असलेली स्वस्त खाट बसभाडे आणि वेळ मिळवल्यास महाग पडते. वीजबिल, पाणी आणि मेस भाड्यात धरले आहे की वेगळे, सुट्टीच्या महिन्यांचे भाडे द्यावे लागते का, डिपॉझिटमधून रंगकामाच्या नावाखाली किती कापले जाते, या गोष्टी आधी विचारल्या तर नंतरचे वाद टळतात. डिपॉझिट रोख न देता खात्यावर पाठविले, तर पावती न मिळाली तरी नोंद राहते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्यास मालक तयार आहे की नाही, यावरूनही त्याच्या व्यवहाराचा अंदाज येतो.

जागा दुपारी दाखवतात. ती संध्याकाळी पाहावी. त्या वेळी पाण्याचा दाब, जिन्यावरील दिवा आणि गल्लीतील वर्दळ यांची खरी कल्पना येते. मालक जवळ नसताना तेथे आधीपासून राहणाऱ्या विद्यार्थ्यांशी दहा मिनिटे बोलल्यास एजंटाच्या तासाभराच्या वर्णनापेक्षा अधिक कळते. इमारतीतून बाहेर पडण्यास दुसरा मार्ग आहे का, खिडकीला पक्क्या जाळ्या ठोकून ती बंद केली आहे का, हे पाहणे भित्रेपणाचे नाही. जुलै २०२४ मध्ये दिल्लीतील राजेंद्रनगर भागात एका शिकवणी केंद्राच्या तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. पुण्यातील अभ्यासिका निवडतानाही हे ध्यानात ठेवायला हवे. स्वाधार किंवा अन्य योजनेचा लाभ घ्यायचा असेल, तर करार करून देणाऱ्या मालकाकडील थोडी महाग जागाही अंती परवडू शकते. मिळणारा भत्ता आणि वाढीव भाडे यांचा हिशेब मांडूनच ते ठरवावे.

आणि बारामती की पुणे, या प्रश्नाचे उत्तर प्रतिष्ठेवर देऊ नये. एखादा अभ्यासक्रम पुण्यातच असेल, तर पुण्याला पर्याय नाही. तोच अभ्यासक्रम बारामतीत चांगल्या रीतीने उपलब्ध असेल आणि दुधाच्या पगारातून तेथील खर्च चार वर्षे निभणार असेल, तर केवळ 'पुण्याला शिकतो' हे सांगण्यासाठी कर्ज काढणे शहाणपणाचे नाही. पहिले वर्ष निभेल का, यापेक्षा शेवटचे वर्ष निभेल का, असे विचारले पाहिजे.

करण्याजोगे काय?

सरकारच्या पातळीवर करण्याजोग्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. विद्यार्थी ठेवणारी प्रत्येक खाजगी वसतिगृहे आणि कॉट बेसिसच्या जागा यांची महापालिका व नगरपरिषदेकडे सक्तीची, साधी आणि अल्प शुल्काची नोंदणी हवी. त्या नोंदणीचा क्रमांक हाच भत्त्यासाठी निवासाचा पुरावा मानला, तर स्वतंत्र भाडेकराराचा आग्रह उरणार नाही आणि नोंदणी करणाऱ्या मालकाकडे विद्यार्थी आपणहून वळतील. भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच, किमान पहिल्या सत्रातच मिळावा. निवासाची रक्कम शहरानुसार काही वर्षांनी आपोआप वाढण्याची तरतूद असावी. डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा घालण्यास आदर्श कायद्याचा आधार आहेच.

शिक्षणसंस्थांनाही हात झटकता येणार नाहीत. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत शुल्काचा तक्ता असतो. त्याच पानावर वसतिगृहाच्या जागा किती, त्यांतील ग्रामीण मुलींसाठी किती आणि बाहेर राहणाऱ्यांचा अंदाजे खर्च किती, हे छापणे अवघड नाही. पालकाला हे निकालाच्या दिवशी नव्हे, तर पसंतीक्रम भरण्यापूर्वी कळले पाहिजे. साखर कारखाने, दूध संघ आणि सहकारी बँका यांचे जाळे या दोन तालुक्यांत दाट आहे. ऊसबिलाच्या तारणावर जुलैमध्ये डिपॉझिटपुरते अल्प व्याजाचे कर्ज देणे आणि हंगामात ते वळते करून घेणे या संस्थांना शक्य आहे. सभासदाच्या मुलाचे शिक्षण टिकवणे हे सहकाराच्या मूळ हेतूशी सुसंगतच ठरेल.

शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात आणि कोल्हापुरात ज्यांनी वसतिगृहे काढली, त्यांच्यापाशी आजच्या सरकारइतका निधी नव्हता. त्यांच्यापाशी एक स्पष्ट कल्पना होती: मुलाला शाळेत घेतले म्हणजे त्याच्या निवाऱ्याची जबाबदारीही घेतली. प्रवेशाच्या फेऱ्या संगणकावर आल्या, यादी मोबाइलवर दिसू लागली, हे चांगलेच झाले. पण यादीत नाव लागलेला निमगाव केतकीचा किंवा पळसदेवचा विद्यार्थी त्या रात्री कुठे झोपणार, याचे उत्तर त्या यादीत नसेल, तर प्रवेशाची प्रक्रिया पूर्ण झाली, असे म्हणता येणार नाही.